नवीन ठिकाणी घर घेताय? घरपट्टीची तुलना कशी करायची – सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातल्या तीन घरांची घरपट्टी गेली पंधरा वर्षं मीच भरतोय, सोलापुरातलं वडिलांचं पेठेतलं घर, भावाचा पुण्यातला फ्लॅट आणि मावशीचं गावाकडचं, त्यामुळं नात्यातलं कुणी घर बदलायचं म्हटलं की फोन मलाच येतो. फ्लॅटचा भाव, ईएमआय, पोरांची शाळा सगळं पक्कं झालेलं असतं आणि मग शेवटी विचारतात, तिकडं घरपट्टी किती असती हो? माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न टोकन द्यायच्या आधी विचारा, कारण ईएमआय वीस वर्षांनी संपतो आणि घरपट्टी घर उभं आहे तोवर दरवर्षी येत राहती. परत परत येणारे प्रश्न इथं एका जागी लिहून ठेवलेत.

घरपट्टी, मालमत्ता कर, मिळकतकर, हाऊस टॅक्स हे सगळं वेगवेगळं आहे का?

नाही, एकच. आपण सोलापुरात घरपट्टी नाहीतर नुसतं टॅक्स म्हणतो, पुण्यात मिळकतकर म्हणतात, कायद्यात मालमत्ता कर आहे. पाणीपट्टीचं मात्र गावोगाव वेगळं आहे, कुठं त्याच बिलात येती, कुठं स्वतंत्र बिल असतं, आणि तुलना करताना बहुतेक जण तिथंच फसतात. त्याच्यावर खाली लिहिलंय.

दोन गावांचा टॅक्सचा टक्का बघितला की तुलना झाली का?

नाही झाली, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टक्का कशाचा ते आधी बघायचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधली जुनी पद्धत अशी आहे की तुमचं घर वर्षभर भाड्यानं दिलं असतं तर वाजवी भाडं किती आलं असतं ते धरतात, त्यातून देखभाल-दुरुस्तीचे १० टक्के वजा करतात, उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणतात आणि टक्का लागतो तो ह्या करयोग्य मूल्यावर. म्हणजे कुणी म्हटलं आमच्याकडं ४० टक्के टॅक्स आहे तर घाबरायचं कारण नाही, तो घराच्या किमतीच्या ४० टक्के नसतो, त्या धरलेल्या भाड्याच्या असतो, आणि ते धरलेलं भाडं बाजारातल्या खऱ्या भाड्यापेक्षा बऱ्याचदा फारच कमी असतं.

आता समजा, हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, एका गावात ६०० चौरस फुटाच्या घराला महिना २ रुपये चौरस फूट दर धरला. वर्षाचं भाडं झालं १४,४०० रुपये, १० टक्के वजा केले की १२,९६०, त्याच्यावर सगळे कर मिळून ४० टक्के म्हणजे ५,१८४ रुपये. दुसऱ्या गावात तेवढ्याच घराला दर धरला दीड रुपया पण टक्का आहे ४५. वर्षाचं भाडं १०,८००, वजावट करून ९,७२०, त्याचे ४५ टक्के म्हणजे ४,३७४ रुपये. टक्का जास्त असून बिल आठशे रुपयांनी कमी आलं की नाही? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, टक्का विचारूच नका, शेजारच्या तेवढ्याच घराचं ह्या वर्षीचं बिल बघायला मागा. त्याच बिल्डिंगमधलं, तेवढ्याच एरियाचं आणि मालक स्वतः राहतोय असं घर बघायचं, ह्या तीन गोष्टी जुळल्या तरच त्या बिलाला अर्थ.

मग आमच्या पेठेतल्या जुन्या घराला टॅक्स कमी आणि नवीन फ्लॅटला एवढा जास्त का?

कारण आकारणी कधी झाली, बांधकाम कशाचं आहे, घर कुठल्या भागात येतं, वापर राहायचा आहे की दुकानाचा, ह्या सगळ्यावर ते धरलेलं भाडं ठरतं. दगड-मातीचं, लाकडी खणाचं जुनं घर आणि आरसीसी फ्लॅट ह्यांना एक दर लागत नाही, शिवाय जुन्या घराची आकारणी त्या काळच्या दरानं झालेली असती. आमच्या वडिलांनी जुनी बिलं लोखंडी तारेच्या आकड्याला ओवून ठेवलेली आहेत, खालची कागदं पिवळी पडून कडा तुटायला लागल्यात, आणि त्यात स्पष्ट दिसतं की वर्षानुवर्षं तोच आकडा चाललाय आणि वरचा मजला आरसीसीमध्ये बांधून त्याची नोंद झाल्यावर एकदम उडी आहे. म्हणून जुन्या घराचं बिल हातात धरून नव्या गावाला महाग म्हणू नका, नव्याची तुलना नव्याशीच करा, सोलापुरातसुद्धा नवीन फ्लॅटचं बिल पेठेतल्या घरासारखं येत नाही.

बिलात दहा-बारा ओळी असतात, त्यातल्या कुठल्या बघायच्या?

सर्वसाधारण कर ही मोठी ओळ. त्याच्याखाली सफाईचा, अग्निशमनचा, रस्त्याचा, मलनिस्सारणाचा, पाण्याचा लाभकर, वृक्ष कर अशा ओळी गावागावाप्रमाणे कमीजास्त असतात, आणि मग राज्य सरकारचा शिक्षण कर, जो १९६२ च्या कायद्यानं लागतो आणि महापालिका फक्त गोळा करून सरकारला भरते. रोजगार हमी कर राहायच्या घराला नसतो, दुकान-ऑफिसला असतो, त्यामुळं तुमच्या घराच्या बिलात ती ओळ दिसली तर वापर चुकून बिगरनिवासी लागलाय का ते लगेच तपासा. खूप मोठा फ्लॅट असेल तर मोठ्या निवासी जागांचा वेगळा राज्य करही लागू शकतो, साधारण टू बीएचकेवाल्यांनी त्याची काळजी करू नये.

आणि ज्या गावात ड्रेनेज लाईनच आलेली नाही तिथं मलनिस्सारणाची ओळ बिलात आहे का हे बघा, असेल तर लेखी विचारा की ही कशाची.

सोलापुरातल्या सोलापुरात घर बदलतोय, तरी टॅक्स बदलेल का?

बदलू शकतो. सोलापूरची नगरपालिका फार जुनी, १८५२ सालची, महापालिका झाली १ मे १९६४ ला, आणि १९९२ मध्ये मोठी हद्दवाढ होऊन बाळे, केगाव, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव, देगाव, कुमठे अशी आजूबाजूची गावं आत आली. तेव्हापासून आपल्या बोलण्यात आणि ऑफिसच्या कागदात शहर आणि हद्दवाढ असे दोन शब्द बसलेत ते अजून तसेच आहेत. महापालिका एकच असली तरी बुधवार पेठ, साखर पेठ, नवी पेठ इथल्या जागेचं धरलेलं भाडं आणि हद्दवाढीतल्या जागेचं धरलेलं भाडं एक नसतं. त्यामुळं पेठेतून तिकडं जाणाऱ्यानं पेठेचा अंदाज लावू नये, त्या कॉलनीतलं बिल बघावं.

आणि हद्दीच्या बाहेर पाऊल टाकलं की सगळं गणितच वेगळं. अक्कलकोट रोडनं कुंभारीकडं गेलात, जिथं विडी कामगारांच्या वसाहती आहेत आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, तो भाग दक्षिण सोलापूर तालुक्यात ग्रामपंचायतीकडं येतो. माणूस म्हणतो मी सोलापुरात राहतो, पण घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीची. मुळेगाव, कोंडी, हिरज ह्या बाजूला प्लॉट बघणाऱ्यांनीपण पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे कुणाच्या हद्दीत आहे. जाहिरातीत न्यू सोलापूर लिहिलेलं असतं, त्याच्यावरून हद्द कळत नाही.

ग्रामपंचायतीची घरपट्टी खरंच स्वस्त असती का?

आकड्यात बघितलं तर बहुतेक वेळा हो. तिथं पद्धत वेगळी आहे, डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलून भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या धरलेल्या किमतीवर, आकारणी आली. जागेचं क्षेत्रफळ गुणिले जागेचा दर, अधिक बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जुनं असेल तशी किंमत कमी धरायचा आकडा), आणि ह्या सगळ्याला राहायचं की दुकानाचं अशा वापराप्रमाणे भारांक, म्हणजे गुणायचा आकडा. जे मूल्य येतं त्याच्या दर हजार रुपयांमागे कर लागतो, तो पैशांत नाहीतर थोड्याफार रुपयांत असतो, नेमका दर ग्रामपंचायत किमान-कमालच्या मर्यादेत ठरवते आणि आकारणी चार वर्षांनी सुधारते. समजा मूल्य १२ लाख आलं आणि दर हजारी १ रुपया २० पैसे असला तर १,४४० रुपये झाले. त्याच्यावर दिवाबत्ती, आरोग्य, पाणी असे छोटे कर.

पण स्वस्त आहे म्हणून उडी मारायच्या आधी मावशीच्या गावाचा हिशेब सांगतो. तिची घरपट्टी आमच्यापेक्षा कितीतरी कमी आहे, पण कचरा न्यायला कोणी येत नाही, ड्रेनेज नाही म्हणून शोषखड्डा स्वतः उपसून घ्यावा लागतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. वर्षाचा सगळा खर्च एका वहीत लिहायला लावला मी तिला, आणि शेवटी बेरीज आमच्या शहरातल्या घराच्या जवळपासच आली. कमी टॅक्समध्ये काय काय येत नाही ते लिहून काढा, मग ठरवा.

तिथं कागद मागायचा तो नमुना ८, म्हणजे आकारणी यादीचा उतारा. भरल्याची पावती नमुना १० ची असती.

पंढरपूर, बार्शी, अकलूज अशा ठिकाणी जायचं असेल तर?

तिथं नगरपरिषदा आहेत, १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली चालतात. अकलूज २०२१ पर्यंत ग्रामपंचायत होती, तिथं कुणी जुनी पावती दाखवली तर ती तुलनेला धरू नका, चालू वर्षाचंच बिल मागा. नगरपरिषदेची फेरआकारणी चार वर्षांनी होती, त्यामुळं शेवटची फेरआकारणी कोणत्या वर्षी झाली हे विचारून घ्या, पुढच्या वर्षीच होणार असेल तर आजचं बिल बघून बजेट बसवण्यात अर्थ नाही.

पुण्याला चाललोय, तिथं काय बघायचं?

आपली निम्मी माणसं तिकडंच जातात त्यामुळं हे नीट वाचा.

एक म्हणजे पुणे महापालिका आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ह्या दोन वेगळ्या संस्था आहेत, दर वेगळे, सवलती वेगळ्या. मित्र निगडीत राहतो म्हणून त्याचं बिल बघून हडपसरचा अंदाज काढायचा नाही.

दुसरं, पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत आहे. ही १९७० पासून चालत आलेली, मध्ये काही वर्षं थांबली होती आणि २०२३ मध्ये राज्य सरकारनं परत चालू केली. पण नवीन फ्लॅटला ती आपोआप लागत नाही, पीटी-३ नावाचा अर्ज भरून, स्वतः राहत असल्याचे पुरावे लावून द्यावा लागतो. माझ्या भावानं पझेशन घेतलं, सामान लावलं, पूजा झाली आणि अर्ज राहिला. पहिलं बिल आल्यावर मला फोन, दादा सोलापूरच्या तिप्पट आलंय की हो. मी म्हटलं बिलाचा फोटो पाठव, बघतो तर सवलतीची ओळच नाही. मग अर्ज भरला, लाईट बिल, सोसायटीचं पत्र, मतदार कार्डाचा नवीन पत्ता सगळं जोडलं, पोहोच घेतली, पुढं बिल दुरुस्त होऊन आलं. आता पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की गॅस कनेक्शन ट्रान्सफर करता त्याच आठवड्यात हा अर्ज द्या. आणि शेजाऱ्याचं बिल बघताना त्याच्यात ही ४० टक्के धरलेली आहे का ते विचारा, नाहीतर तुलना पूर्ण उलटी बसती.

तिसरं, हद्दीचं. सोलापूर रोडनंच पुण्यात शिरा, थोड्याशा अंतरात तीन तऱ्हेच्या संस्था लागतात. लोणी काळभोर ग्रामपंचायत, फुरसुंगी-उरुळी देवाची जी २०१७ मध्ये महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद झाली, आणि मांजरी बुद्रुक जी २०२१ मध्ये २३ गावांपैकी एक म्हणून महापालिकेत आली. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, बांधकामाची परवानगी देते, घरपट्टी घेत नाही, हेपण लक्षात ठेवा कारण साईटवरचा सेल्समन पीएमआरडीए अप्रूव्हड एवढंच सांगतो.

हद्दीत नव्यानं आलेल्या गावात टॅक्स लगेच महापालिकेएवढा होतो का?

एकदम नाही, महापालिका कायद्यात टप्प्याटप्प्यानं वाढवायची तरतूद आहे, म्हणजे सुरुवातीला जुन्या दरानं आणि मग दरवर्षी थोडं थोडं वाढवत पूर्ण दरापर्यंत. त्यामुळं अशा गावातलं आजचं बिल हे मधल्या पायरीचं असतं, शेवटच्या पायरीचं किती होईल ते जवळच्या जुन्या हद्दीतल्या बिलावरून काढा आणि बजेटमध्ये तेच धरा.

मुंबईला तर टॅक्सच नाही म्हणतात, खरं का?

५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहायच्या घरांना मुंबई महापालिकेच्या हद्दीत मालमत्ता कर माफ करायचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला, ते खरंय. त्याच्या वरच्या घरांना आहे आणि तिथं २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होती. ही माफी मुंबई महापालिकेची, ठाणे, कल्याण, नवी मुंबई ह्यांचं ज्याचं त्याचं वेगळं आहे.

हैदराबाद किंवा बंगळूरला जायचं असेल तर?

पूर्वभागातल्या, म्हणजे आपल्या शहरातल्या तेलुगूभाषक वस्तीतल्या, कितीतरी घरांचे नातेवाईक हैदराबादला आहेत त्यामुळं हा प्रश्न बऱ्याचदा येतो. हैदराबाद महापालिकेत महिन्याचं भाडेमूल्य धरून स्लॅबप्रमाणे १७ ते ३० टक्के कर आहे, आणि वरचा स्लॅब महिना ३०० रुपये भाडेमूल्याच्या पुढंच सुरू होतो म्हणजे बहुतेक फ्लॅट तीसमध्येच बसतात. ३० टक्के ऐकून वरच्या उदाहरणातल्या ४० पेक्षा स्वस्त म्हणू नका आणि महागही म्हणू नका, मघाशी सांगितलं तेच, मूल्य किती धरलंय त्याच्यावर आहे. एप्रिलमध्ये वर्षाचं एकदम भरलं की ५ टक्के सूट देतात.

बंगळूरला २००८ पासून झोनप्रमाणे चौरस फुटाचा दर ठरवलेला आहे, मालक राहतो त्या घराला कमी आणि भाड्यानं दिलेल्याला जास्त. कर्नाटकात एक सवय बदलावी लागती, तिथं बिल घरी येण्याची वाट बघायची नाही, आपली आकारणी आपण फॉर्ममध्ये भरून टॅक्स भरायचा. भरलेली माहिती चुकली तर जबाबदारी तुमची, म्हणून एरिया आणि झोन दोनदा तपासून भरा. घराच्या नोंदीला तिकडं खाता म्हणतात, तो तुमच्या नावावर झाला का हे बघितल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.

रेडी रेकनर (सरकारचा जागेच्या भावाचा तक्ता) वाढला, म्हणजे घरपट्टीपण वाढणार?

२०२५-२६ ला राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली आणि सोलापूर महापालिका क्षेत्रात सगळ्यात जास्त, १०.१७ टक्के, तेव्हा हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. उत्तर असं की रेडी रेकनरचा थेट दणका खरेदीच्या स्टॅम्प ड्युटीला बसतो, तो सगळीकडं. घरपट्टीला तो तिथंच लागतो जिथं आकारणी भांडवली मूल्यावर आहे, आणि तिथंही दर एप्रिलला बिल बदलत नाही, ठरलेल्या वर्षी सुधारणा झाली की बदलतं. जिथं भाडं धरून करयोग्य मूल्य काढतात तिथं रेडी रेकनरचा आणि चालू बिलाचा थेट संबंध नाही. म्हणून नव्या गावात पद्धत कुठली, भाड्यावरची की भांडवली, हे विचारणं गरजेचं आहे, कारण भांडवली पद्धतीत भागाचा भाव वाढला की आज ना उद्या टॅक्स मागून येतोच.

पाणीपट्टी तुलनेत धरायची का?

धरायचीच, आणि नुसती पाणीपट्टी नाही, पाण्याचा सगळा खर्च धरायचा. आपल्याला उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि काही दिवसांआड नळ येतो हे प्रत्येक सोलापूरकराच्या अंगवळणी पडलंय. पाण्याच्या दिवशी आमच्याकडं पहाटे मोटर लागती, निळे ड्रम, हंडे, अंगणातली टाकी, भांडी घासायची टोपलीसुद्धा बाजूला सरकवून तिथं बादली बसती. ह्या साठवणीचा खर्च, टाकी, मोटर, तिची वीज, हे कुणी टॅक्समध्ये मोजत नाही पण तो घराचा खर्चच आहे. नव्या गावात रोज नळ येत असेल आणि पाणीपट्टी हजारभर जास्त असेल तर मी ती आनंदानं भरेन. उलट मोठ्या शहरातल्या कडेच्या सोसायट्यांत टॅक्स बिलात पाण्याची ओळ असती आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये वेगळे जातात. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, मार्च ते जून टँकरला दर फ्लॅटमागे किती गेले, तो आकडा बाराने भागा आणि मग बोला.

जुन्या मालकाची थकबाकी असेल तर ती कोण भरणार?

महापालिका कायद्यानं घरपट्टीची थकबाकी त्या मिळकतीवर पहिला बोजा असती, कलम १४१, म्हणजे घर विकलं गेलं तरी थकबाकी घराबरोबर येती. तुम्ही जुन्या मालकाशी भांडू शकता पण नोटीस तुमच्या दारावर लागणार. माझ्या मावसभावानं एका शहरात रो-हाऊस घेतलं, विकणाऱ्यानं भरलेली पावती दाखवली, पावती खरी होती पण ती एका सहामाहीचीच होती, मागच्या सहा वर्षांचं तसंच पडलेलं. त्यावर शास्ती, म्हणजे उशिराचा दंडही, मोठी झाली होती कारण महापालिका कायद्यात दरमहा २ टक्के शास्ती आहे, ३० हजार थकले तर महिन्याला ६०० नुसते वाढत जातात. त्याची बायको ते बिल हातात घेऊन पायरीवर बसलेली मला अजून दिसती, नवीन घराचे पडदे घ्यायला ठेवलेले पैसे तिकडं गेले.

म्हणून पावतीवर समाधान मानू नका, मिळकत क्रमांक घ्या, ऑनलाईन टाकून स्वतः थकबाकी बघा, आणि खरेदीखताच्या आधी थकबाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्याकडूनच घ्या. पाणीपट्टीचा वेगळा घ्या.

मी भाड्यानं राहणार आहे, मला काय फरक पडतो?

टॅक्स भरायची जबाबदारी मालकाची. तरी अॅग्रीमेंटमध्ये घरपट्टी आणि पाणीपट्टी कोण भरणार हे स्पष्ट लिहून घ्या, राज्यात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर करणं बंधनकारक आहे तेव्हा कागद होणारच आहे, दोन ओळी जास्त लिहायला काय जातं.

आणि तुम्ही सोलापूरचं घर भाड्यानं देऊन चालला असाल तर हे लक्षात घ्या की भाडेकरू ठेवला की आकारणी वाढू शकती, कारण मग खरं भाडं समोर येतं. वाढीव टॅक्स धरून मग भाडं ठरवा.

सोलापूरचं घर कुलूप लावून जाणार आहे. टॅक्स माफ होतो का?

आपोआप होत नाही. रिकाम्या घराची सवलत मागायची असेल तर घर रिकामं आहे हे वेळेत लेखी कळवावं लागतं, वर्ष संपल्यावर जाऊन सांगून उपयोग नाही. बाकी बिल शेजाऱ्यांकडं पडून राहायला नको म्हणून मोबाईल नंबर मिळकत क्रमांकाला जोडून घ्या आणि एप्रिलमध्येच ऑनलाईन भरून टाका.

लवकर भरलं तर सूट सगळीकडं असती का?

बऱ्याच ठिकाणी असती, टक्का आणि शेवटची तारीख दरवर्षी बघावी लागती. सोलर वॉटर हीटर, पावसाचं पाणी साठवणं, गांडूळखत ह्याला पुण्यासारख्या ठिकाणी ५ ते १० टक्के आहे. माजी सैनिक आणि शहिदांच्या पत्नीला राज्याची वेगळी माफी आहे, आपल्या भागात सैन्यातून आलेली बरीच घरं आहेत, ती मागायला विसरू नका. अभय योजनेची वाट बघत थकवत मात्र बसू नका, ती फक्त शास्तीत सूट देती आणि येईलच ह्याचा भरोसा नाही.

गुंठेवारीत (रीतसर परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागेत) स्वस्त घर मिळतंय आणि टॅक्सपण लागलेला आहे, म्हणजे कायदेशीर झालं ना?

नाही. टॅक्स लागला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं कुठंच नाही. परवानगी नसलेल्या बांधकामाला महापालिका कायद्याच्या कलम २६७ अ खाली मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू शकती आणि ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही. गुंठेवारी कायदा २००१ चा, नंतर त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांना वाढवली, त्याखाली नियमित करून घेतल्याचा कागद असेल तर गोष्ट वेगळी. तो कागद बघा. टॅक्सची पावती पुढं करून कुणी घाई करत असेल तर थांबा.

बिल जास्त आलंय असं वाटतं, काय करू?

पहिले एरिया मोजा, टेप घेऊन स्वतः. बिलावर कारपेट आहे की बिल्टअप ते विचारा, वापराचा प्रकार बघा, पार्किंग आणि बाल्कनी कशी धरलीय बघा. मग नोटिशीवर हरकतीची जी तारीख असती तिच्या आत लेखी हरकत द्या आणि आवकचा शिक्का मारलेली पोहोच जपून ठेवा, तोंडी बोलून आलेल्या कामाचा काही पुरावा राहत नाही. सुनावणीला शेजाऱ्याच्या तेवढ्याच घराचं बिल घेऊन जा, तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

घरपट्टीला नाव लावायचं राहिलं तर काय बिघडतं? आणि नाव लागलं म्हणजे मालक झालो ना?

खरेदी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत महापालिकेला कळवायचं असतं. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन अर्ज द्या. नाव नसेल तर बिलं, नोटिसा सगळं जुन्या मालकाच्या नावानं जातं, सवलतीचे अर्ज अडतात आणि पुढं विकताना गिऱ्हाईक पहिली हीच शंका काढतं.

मालकीचं म्हणाल तर घरपट्टीवरचं नाव हे टॅक्स कुणाकडून घ्यायचा ह्याची नोंद आहे, मालकी खरेदीखतानं, बक्षीसपत्रानं नाहीतर वारसानं येती, आणि शहरातल्या जागेला सिटी सर्व्हेचा प्रॉपर्टी कार्ड उतारा बघतात. आमच्या पेठेतल्या घराच्या बिलावर वडील जाऊन चार वर्षं झाली तरी त्यांचंच नाव येत होतं. मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही दोघं भाऊ आईला घेऊन गेलो, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि ह्या एप्रिलमधलं बिल पहिल्यांदा आईच्या नावानं आलं. तिनं ते भरून घेतल्यावर वडिलांच्या त्याच तारेला ओवून ठेवलंय.